माजघरातून आलेली मेल

बहिऱ्या माणसाशी प्रेमाने बोलणं अवघड असतं. आवाज चढवला की शब्दांतला मऊपणा आधी जातो. "जेवलात का?" हे साधं वाक्य तीनदा म्हणावं लागलं की तिसऱ्या वेळी ते भांडणासारखं ऐकू येतं. त्यातून बोलणारी सून असेल आणि ऐकणारी सासू असेल, तर शेजारच्या घरातली भांडी घासायची थांबतात. कोकणात आचरा गावातल्या आमच्या घरात काही वर्षं असंच चाललं होतं. माझा आवाज माडांच्या पलीकडच्या वाडीपर्यंत जायचा आणि सासूबाईंपर्यंत मात्र पोचायचा नाही.

घरात आम्ही दोघीच. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. लेक पुण्याला शिकायला. मी कसालच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी परत येते. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मालवणी मला अर्धीमुर्धी कळायची. ती पूर्ण कळायला लागली आणि थोड्याच वर्षांत सासूबाईंचे कान गेले. यंत्र आणलं होतं. ते कानात शिट्टी मारतं म्हणून त्यांनी डबीत ठेवून दिलं. मग त्या बोलायच्या आणि मी मान हलवायची, किंवा मी ओरडायची आणि त्या, "माका ऐकाक येणा नाय गो," असं म्हणून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन बसायच्या.

मोबाइलचाही उपयोग नव्हता. कॉल ऐकू येणं शक्य नव्हतं आणि मोबाइलची काच त्यांचं बोट ओळखायची नाही. जन्मभर नारळाची सोडणं सोलून, मासे साफ करून आणि शेण सारवून बोटांची टोकं इतकी झिजली होती, की रेशनच्या दुकानातल्या मशीनवरही त्यांचा अंगठा उमटत नसे. त्या काचेवर बोट दाबायच्या, पुन्हा दाबायच्या आणि मोबाइल पदराने पुसून मला परत द्यायच्या.

कॉम्प्युटरची कल्पना नवऱ्याची. "कीबोर्डची बटणं दाबली की दाबली जातात," तो म्हणाला. "आईचं अक्षर चांगलं होतं. तिला लिहायला आवडायचं." कसालच्या दुकानातून आम्ही एक कॉम्प्युटर आणला, माजघरात खिडकीपाशी टेबलावर मांडला आणि मी कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. सासूबाई जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या. 'क' कुठे आणि 'काना' कुठे हे त्यांनी पंधरवड्यात पाठ केलं. जोडाक्षरांना थोडा वेळ लागला. 'श्री' जमल्यावर बाकीची भीती गेली. कॉम्प्युटरमध्ये मेलचा एक प्रोग्रॅम आधीच होता. त्यात डावीकडे आलेली मेल, उजवीकडे वाचायची जागा आणि वर लिहायचं बटण. त्या मेलला पत्रच म्हणायच्या. दुपारची भांडी आवरली की चष्मा पुसून तिथे बसायच्या आणि मुलाला पत्र लिहायच्या.

एके दिवशी मी शाळेतून आले तर त्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. पडद्यावर वर एक पिवळी पट्टी आली होती. मुदत संपली, पुढे वापरायचं तर वर्षाचे पैसे भरा, असा तिचा अर्थ. आलेली पत्रं वाचता येत होती, लिहायचं बटण मात्र मुकं झालं होतं.

"मिया कायएक करूक नाय हा," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्याच हातून काही मोडलं.

मी ओरडून सांगितलं की तुमची चूक नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि उठून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चेहऱ्यावर कायम झोप असलेला माणूस. तो म्हणाला, "बाई, तीन वाटा आहेत. आहे तोच प्रोग्रॅम पैसे भरून घ्या. नाहीतर ब्राउझरमध्येच फुकटची मेल उघडा, सगळे तेच करतात. नाहीतर जगभरचे लोक मिळून बनवतात असा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे, तो उतरवून घ्या. पत्रं तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात."

"यातला बरा कोणता?"

"वापरणार कोण?"

"सासूबाई. सत्त्याहत्तर वय आहे."

"मग त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

नवऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, पैशांकडे बघू नको, विकतचाच घे, आईला सवय आहे. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मेलसाठी पैसे कोण भरतं? फुकटचं घे." दोघांनीही फार विचार केलेला नव्हता. मे महिन्याची सुट्टी लागत होती. मी ठरवलं, सगळे प्रकार एकेक करून बघायचे आणि ज्यात सासूबाईंचा हात अडखळणार नाही तो ठेवायचा. विज्ञानाच्या शिक्षिकेला एवढा प्रयोग जमायला हरकत नव्हती.

आधी ब्राउझरमधली फुकटची मेल उघडून दिली. चालते की नाही हे बघायला मी स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवरून एक ओळ पाठवली: "चाचणी. मिळालं का?"

माझी अपेक्षा होती की त्या माजघरातून "मिळाला गो" म्हणून हाक मारतील. हाक आली नाही. मी कांदा चिरला, खोबरं वाटलं, आमटीला फोडणी दिली. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी. उन्हाळा फार आहे. तू दुपारी चुलीजवळ उभी राहतेस, पाणी पीत जा. आज आमटीत तिरफळ जास्त घालू नये, तुला ते सोसत नाही. कळावे."

मी आमटीकडे बघितलं. तिरफळ अजून घातलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मला ते सोसत नाही असं मी कधी बोलले नव्हते. सगळे खातात म्हणून मीही खात होते.

मी दाराशी जाऊन बघितलं. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या, पुढचं पत्र यायची वाट बघत. मी परत चुलीपाशी येऊन उत्तर लिहिलं.

ती पहिली मेल फार दिवस टिकली नाही. एके दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ही बाई कोण गो? माझे गुडघे दुकतत काय म्हणान इचारता."

पत्रांच्या यादीत सगळ्यात वर एक जाहिरात बसली होती. तिच्यात बाईचा फोटो होता आणि गुडघेदुखीवरच्या तेलाबद्दल काहीतरी लिहिलं होतं. पत्रांसारखीच ती दिसत होती, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' असा शब्द. सासूबाईंना तो दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी बाईचं पत्र उघडलं, ते कुठल्यातरी दुकानात घेऊन गेलं आणि मुलाचं पत्र हरवलं.

"पत्र नाही ते, जाहिरात आहे," मी ओरडले. मग थांबले आणि तेच मोबाइलवर लिहून पाठवलं.

त्यांनी वाचलं आणि लगेच उत्तर टाइप केलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, तरी त्यांनी ते मला पाठवलं आणि मी माझ्या हातातल्या मोबाइलवर वाचलं. "बाई मायेने विचारते असे वाटले. असो."

त्याच आठवड्यात वाऱ्याने माडाची झावळी केबलवर पडली आणि दोन दिवस नेट गेलं. ब्राउझरमध्ये काहीच उघडेना. सासूबाईंना मुलाची जुनी पत्रं पुन्हा वाचायची सवय होती. कोऱ्या पडद्यासमोर त्या थोडा वेळ बसल्या आणि मग तांदूळ निवडायला घेतले. ही फुकटची वाट आमच्या घराला चालणार नाही हे मला कळलं.

मग तो लोकांनी बनवलेला प्रोग्रॅम उतरवला. सुरुवातीला सगळंच बारीक आणि वेगळ्या जागी. मी एक दुपार खर्चून अक्षरं मोठी केली, नको ती बटणं लपवली, पत्रांची यादी डावीकडे आणली. "चाचणी दोन" असं लिहून पाठवलं. त्याच्या उत्तरात आशीर्वादाची ओळ होती, खुशालीची नव्हती. थेट मजकूर होता.

"तुला एक विचारायचे आहे. तू माझ्याशी बोलताना तुझा चेहरा रागावलेला असतो. शब्द मला ऐकू येत नाहीत, चेहरा दिसतो. म्हणून मी खळ्यात जाऊन बसते. माझे काही चुकत असल्यास लिहून कळव. मी वाईट वाटून घेणार नाही."

मी ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि आरशापाशी गेले. दार लावून घेतलं आणि "जेवलात का?" असं मोठ्याने म्हणून बघितलं. कपाळावर आठ्या, मानेच्या शिरा ताठ, ओठ ताणलेले. वर्गातल्या मुलांना मी असा चेहरा दाखवला असता तर ती घाबरली असती.

मी उत्तर लिहिलं. राग नसतो, आवाज मोठा काढताना चेहरा तसा होतो, एवढंच. तुम्ही बाहेर जाऊन बसता तेव्हा मला वाटायचं की तुम्हीच माझ्यावर रागावलात. लिहून झाल्यावर पाठवायचं बटण दाबायला मला जरा वेळ लागला.

माजघरातून हसण्याचा आवाज आला. बहिरं माणूस आपलं हसणं ऐकत नाही, म्हणून ते मोकळं असतं.

त्यानंतर चाचणी हा नुसता शब्द उरला. मी रोज काहीतरी लिहायची आणि वर विषयाच्या जागी 'चाचणी' टाकायची. त्याही उत्तर देताना तो शब्द तसाच ठेवायच्या. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक दार होतं, ते उघडंच असायचं. आम्ही जेवायला एकत्र बसायचो तेव्हा फार बोलायचो नाही. बोलणं दुपारी व्हायचं. बांगडे महाग झालेत. पुण्याला नातीला कुळथाचं पीठ पाठवायचं का. शाळेत नवे मुख्याध्यापक कसे आहेत. त्यांच्या माहेरच्या तोंडवलीत लहानपणी समुद्रातून रापणीचं जाळं ओढायला सगळी पोरं कशी धावायची, आणि त्यांना मुलगी म्हणून दोर धरू देत नसत, तरी त्या धरायच्या.

मग एक दिवस हे आलं.

"तुझी आई गेली तेव्हा तू सांगलीहून परत आलीस, त्या दिवशी मी तुला काही विचारले नाही. तू शेवटपर्यंत जवळ होतीस का, त्यांना त्रास झाला का, हे विचारायचे होते. पण मला ऐकू यावे म्हणून तुला ते ओरडून सांगावे लागले असते. ते ओरडून सांगण्यासारखे नव्हते. म्हणून मी गप्प राहिले. आता लिहून सांगशील तर मी वाचीन. नको वाटले तर नको सांगू."

आई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. नवरा तेव्हा जहाजावर होता, त्याच्याशी तुटक बोलणं झालं होतं. लेकीला मी सगळं सांगितलं नव्हतं. इथे परतल्यावर सासूबाईंनी फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला होता आणि पेज करून दिली होती. मी मनात धरून बसले होते की यांना काही वाटलं नसावं.

मी मोबाइल ठेवला आणि माजघरात गेले. मोबाइलवर एवढं लिहिता आलं नसतं. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, मला बसायला दिलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसल्या. मी त्यांच्याच कीबोर्डवर लिहायला लागले आणि त्या पडद्यावर अक्षरं उमटताना वाचत गेल्या. आईला शेवटच्या आठवड्यात मी कोण हे कळत नव्हतं. ती मला तिची धाकटी बहीण समजायची आणि वेणी घालून दे म्हणायची. मी घालून द्यायची. शेवटच्या सकाळी तिने वेणी घालून घेतली, उन्हाकडे तोंड करून झोपली आणि झोपेतच गेली. त्रास झाला नाही. मला तिने नावाने हाक मारली नाही, एवढंच राहिलं.

लिहिता लिहिता मला पडदा दिसेनासा झाला. सासूबाईंनी पदर पुढे केला, माझा चष्मा काढून पुसला आणि परत माझ्या डोळ्यांवर ठेवला. मग हात लांब करून कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत लिहिलं: "लग्नात त्यांनी माझा हात धरून सांगितले होते, पोरीला मासे येत नाहीत, सांभाळून घ्या. मी म्हटले, शिकवीन. तू अजून बांगडा नीट साफ करत नाहीस."

दोघी हसलो. ते पत्र कुणीच कुणाला पाठवलं नाही. ते प्रोग्रॅममध्ये कच्च्या पत्रांच्या खणात आजही पडून आहे.

इकडे नवऱ्याची तक्रार आली. आईची दोन पत्रं जहाजावर पोचली, पण त्यात नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी. "आई एवढं काय विचारतेय?" असं त्याने लिहिलं होतं. जहाजावरची मेल जुन्या पद्धतीची. तिला आमच्या नव्या प्रोग्रॅममधून गेलेली मराठी अक्षरं उलगडली नव्हती. मी दुकानदाराला फोन केला. त्याने प्रोग्रॅममध्ये अक्षरांची कुठलीशी खूण बदलायला सांगितली. पण नवरा हट्टाला पेटला. फुकटच्या भानगडीत पडू नको, विकतचा एक महिन्यासाठी घेऊन तर बघ. म्हणून मी तोही घेतला. प्रयोग म्हटला की पूर्ण करायला हवा.

विकतच्याची नवी आवृत्ती आली होती. दिसायला फार सुंदर. प्रत्येक पत्राखाली तयार उत्तरांची तीन बटणं यायची, इंग्रजीत. एक दाबलं की उत्तर गेलं. सासूबाईंना वाटलं, पुढचं पान उघडायचं बटण आहे.

संध्याकाळी जहाजावरून नवऱ्याचा कॉल आला. आवाज घाबरलेला. "आईला बरं आहे ना?"

"बरं आहे. का?"

"मी तिला लिहिलं, दोन दिवस ताप होता, आता उतरलाय. तिने उत्तर दिलंय, ग्रेट, थँक्स फॉर द अपडेट."

मी हसत हसत माजघरात गेले आणि काय झालं ते लिहून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. मुलाला ताप होता आणि आपण असं उत्तर दिलं, हे त्यांना फार लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माका आधीचा व्हया," त्या म्हणाल्या. "जेच्यात मिया लिवतंय ताच जाता, ता."

म्हणजे लोकांनी बनवलेला. मी तो पुन्हा उघडून दिला, दुकानदाराने सांगितलेली खूण बदलली, आणि सासूबाईंनी मुलाला एक लांबलचक पत्र लिहिलं: ताप, काढा, थंड पाणी पिऊ नये, मागचं उत्तर माझं नव्हतं. ते जहाजावर जसंच्या तसं पोचलं. नवऱ्याने विकतच्याचा विषय पुन्हा काढला नाही.

फुकट या गोष्टीचा मात्र सासूबाईंना उलगडा होत नव्हता. "ते फुकट कित्याक देतत?" त्यांनी विचारलं. मी लिहून सांगितलं की कुणी एक मालक नाही, पुष्कळ माणसं आपापल्या घरून थोडं थोडं काम करतात, आणि ज्याला वाटेल तो मदत म्हणून काही देतो. न देणाऱ्याला कुणी अडवत नाही. त्यांनी ते नीट वाचलं. म्हणाल्या, "मगे आपणाक देवक व्हया." नारळ विकून आलेले पैसे त्यांच्याकडे असतात. त्यातले काही काढून माझ्या हातावर ठेवले आणि मी ते पाठवल्याची पावती पडद्यावर दाखवेपर्यंत उठल्या नाहीत.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत माझा मोबाइल वाजायचा. सोबतच्या बाई विचारायच्या, "साहेबांची मेल का?" मी म्हणायची, सासूबाईंची. त्यांना ती थट्टा वाटायची.

गणपतीच्या आधी नवरा रजेवर आला आणि घर आवाजाने भरलं. तो आईशी खाणाखुणांनी आणि मोठ्याने बोलायचा, दोन्ही एकदम. मी पाहुणे, फराळ, रंगकाम यांत अडकले. दुपारचं लिहिणं आपोआप बंद पडलं. माझ्या ते लक्षातही आलं नसतं.

एका दुपारी आम्ही तिघं जेवून उठलो होतो. नवरा माजघरात जमिनीवर आडवा झाला, सासूबाई कॉम्प्युटरपाशी, मी दाराशी बसून काजू सोलत होते. मोबाइल वाजला. विषयाच्या जागी 'चाचणी' होतं. आजवर त्या मला लिहायच्या ते शाळेतल्या मराठीत. या वेळी तसं नव्हतं.

"माझो झिल जाडो झालो हा. शर्टाचा बटाण लागणा नाय. आजपासून तेका भात कमी वाढ. मिया सांगलंय म्हणान सांगू नको. आणि तू लिवणं बंद कित्याक केलंस?"

मी वर बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, चेहरा अगदी गंभीर. जमिनीवर त्यांचा झिल, म्हणजे माझा नवरा, हात पोटावर ठेवून झोपायच्या बेतात होता.

मी काजू बाजूला ठेवले, हात पुसले आणि लिहिलं, "उद्यापासून पुन्हा लिवतंय. भात आजच कमी केलेलो, पण तेने दोनदा मागून घेतल्यान."

माझं मालवणी लिहिणं चुकलं असणार. सासूबाईंनी ते वाचलं आणि खुर्चीत हलून हलून हसायला लागल्या. मलाही आवरेना. नवऱ्याने डोळे उघडले, एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"काय झाला?" त्याने विचारलं.

"कायएक नाय," सासूबाई म्हणाल्या. त्याच्या ओठांवरून त्यांना प्रश्न कळला होता. "तू निज."